बैलाचं विरजण

ए शिल्पे, हसू नको, आधी पुरं ऐकून घे. दिवाळीच्या सुट्टीत मी गावाला होते ना, नायगावच्या अलीकडं, तवाची गोष्ट हाय. आपण वर्गात जनावराच्या पोटाचं जे पाठ करून राहिलो होतो, ते मला घराशेजारीच करावं लागलं. आन् अडलं कुठं? एका शब्दापाशी!

आमची बौद्धांची वस्ती जिथं संपते ना, तिथंच शेषेरावकाकाचा आखाडा हाय, जनावरं बांधायचा. आता जनावरं कुठं राहिलीत म्हणा. बैल इकले, ट्रॅक्टर घेतला. राहिली एक हरणी, देवणी गाय, आन् तिचं वीस दिवसांचं वासरू. तिला का ठिवली, तर तीन वर्षं झाली काकानं हळदीला पोत्यातलं खत बंद केलंय. हरणीचं शेण, गोमूत्र, गूळ, बेसन ड्रमात भिजवून, आंबवून तेच रानाला देतो. म्हंजे सगळं रान हरणीच्या पोटावर चालू हाय असं समज.

आन् त्याच पोटानं दगा दिला. दावं तोडून हरणीनं अर्धं पोतं मक्याचा भरडा खाल्ला. डॉक्टर आले, सोडा पाजला, सलाईन लावलं, जीव वाचला. पण रवंथ काही सुरू होईना. तीन दिवस गाय नुसती डोळे मिटून उभी. वासरू कोरड्या सडाला ढुसण्या देऊन हंबरायलंय, आन् काकाची बायको साखराकाकू, तिच्या तोंडात घास न्हाई.

मी डॉक्टरांना फोन लावला. ते हिमायतनगरला शिबिराला गेलेले. ते म्हणाले, तिच्या पोटातले चारा पचवणारे बारके जीव आंबटपणानं मेलेत, ते परत घातल्याबिगर काही खरं न्हाई. मी उद्या नळी घेऊन येतो, तवर एखाद्या चांगल्या जनावराच्या तोंडातला रवंथाचा गोळा काढ, कोमट पाण्यात कालव आन् पाज. आजच पाज, म्हणाले, उद्यापर्यंत उशीर होईल.

आता असं जनावर कुठलं? आमचा तांब्या! लाल कंधारी बैल, दिवसभर बांधानं चरतो, कधी औषध न्हाई. पण त्याच्या तोंडात हात घालू शकतो फक्त आमचा आबा, माझा आजा. दुसऱ्यानं घातला तर हात कोपरापर्यंत गेला म्हून समज.

मी काकाला सांगितलं, काका लगेच आमच्या अंगणात आला. आन् बिचारा मन मोठं करून काय बोलला माहिताय?

"ग्यानोबा, आता तसलं काही राहिलं न्हाई. तुमच्या बैलाचं उष्टं बी चालंल आम्हाला."

आबाच्या हातात कडब्याची पेंढी होती. ती त्यानं खाली ठिवली.

"उष्टं आमच्या घरातून कुठं जात न्हाई, आन् कुठून येत बी न्हाई."

झालं. आबा बाजेवर जाऊन बसला. काकाला कळेचना आपलं चुकलं कुठं. तो तर चांगलंच बोलायला आलेला. पण आबा सहा-सात वर्षांचा होता तवा आईच्या मागं टोपलं घेऊन गावातून उष्ट्या भाकरी आणायला जायचा. दीक्षा घेतली त्या साली त्याच्या बापानं ते टोपलं चुलीत घातलं. तवापासून आमच्यात कुणी कुणाच्या ताटातलं खात न्हाई, लेकराचं बी न्हाई. मला दोघांचीबी कीव येऊन राहिली होती.

काका गेला. मी आबाला सूक्ष्मजीव समजवायला गेले, तर म्हणला, तुझं कॉलेज कॉलेजात ठिव.

मी रडवेली होऊन घरात गेले. आजी दूध कोमट करून त्यात चमचाभर दही सोडून राहिली होती. मी बघतच राहिले. अगं, हेच तर हाय ना!

तशीच पळत आखाड्यावर. म्हटलं, काकू, वाटी घ्या आन् चला, विरजण मागायला. काकू म्हणली, दह्याचं? म्हटलं, पोटाचं. हरणीच्या पोटातलं विरजण मेलंय, तांब्याच्या पोटात जितं हाय. एका दमात समजलं तिला! आपल्याला ते समजायला दोन युनिट टेस्ट लागल्या. पण उंबऱ्यातच थांबली. म्हणली, लग्न होऊन चाळीस वर्षं झाली, तुमच्या दारात कधी मीठ मागायला आले न्हाई, आता कोणत्या तोंडानं येऊ? तेवढ्यात वासरू हंबरलं. तिनं वाटी उचलली.

आमच्या अंगणात येऊन पदर नीट केला आन् आजीकडं बघून म्हणली, "सरजाबाई, विरजण पायजे होतं. आमचं मेलं."

आजीनं एकदा माझ्याकडं बघितलं. मंग बाजेकडं तोंड करून म्हणली, "विरजण मागायला आलेली बाई रिकामी जात नसती."

आबा काकूच्या हातातल्या वाटीकडं बघत बसला. मंग उठला.

"एवढ्याशा वाटीत काय मावतंय, साखराबाई? बादली आणा."

मंग काय! आबा तांब्याच्या गळ्याकडं नजर लावून बसला. गोळा वर सरकताना दिसला की जबड्याच्या कडेनं हात आत, हिरवागार गोळा बाहेर, बादलीत. तांब्या असा बघायचा जसं कुणी त्याचा खिसा मारून राहिलंय. कोमट पाणी, गूळ, फडक्यातून गाळलं, आन् थंड व्हायच्या आत पळालो. हरणीचं तोंड आबानं धरलं. मी बांबूच्या नळकांड्यातून पाजलं, ठसका लागू नये म्हून घोट घोट. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नळीनं तांब्याचं आणखी काढून दिलं.

ते दोन दिवस आबा सारखा आखाड्याकडं. कशाला, तर म्हणे पाय मोकळे करायला.

तिसऱ्या दिवशी सकाळी हरणीच्या गळ्यात गोळा वर सरकला. जबडा हलला. काकू तिथंच मातीत बसली आन् रडली. काका आबाजवळ आला, म्हणला, बोलण्यात चुकलो मी.

"हाव, चुकलात," आबा म्हणला. "वासराला पिऊ द्या आता पोटभर."

आन् आता ऐक. मी निघायच्या आदल्या दिवशी, जेवणं झाल्यावर, आबा मला म्हणतो, विशाखे, साखराबाईकडून जरा विरजण आण. मी म्हटलं, आबा, दही तर... आन् आजीकडं बघितलं. आजीनं दह्यानं भरलेलं गाडगं गुमान उतरंडीच्या मागं सरकवलं आन् माझ्या हातात रिकामी वाटी दिली.