हे म्हणतात तीन

दाजीने पहिल्या डब्यातून चेंडू काढला, धोतराला पुसला आणि म्हणाला,

"सहा."

मग चेंडू मुठीत धरून तो तसाच उभा राहिला, बांधावरच्या भेंडीच्या झाडाकडे बघत. झाडाखाली भाकरीची टोपली आणि पाण्याची कळशी होती. विठूने कानावरची पेन्सिल काढली.

"सहा," असं म्हणत त्याने वहीत लिहिलं.

विठू पूर्वी मुंबईला एका गोऱ्या साहेबाच्या गोल्फच्या काठ्या वाहायचा. साहेब विलायतेला परत गेला तेव्हा दोन काठ्या आणि नऊ चेंडू विठूला देऊन गेला. तेव्हापासून दरवर्षी भात झोडून झालं की माघातल्या एका दिवशी विठू, धर्मराज आणि दाजी पनवेलच्या खाडीलगतच्या खारजमिनीत खेळायला जात. डालड्याचे पाच रिकामे डबे जमिनीत पुरायचे आणि कमीत कमी टोल्यांत चेंडू डब्यात घालायचा. ज्याचे टोले सगळ्यात जास्त, त्याने सगळं सामान घरापर्यंत वाहायचं. चौदा वर्षांत अकरा वेळा ते दाजीने वाहिलं होतं.

वही त्याची बायको हौसा लिहायची. ती चौथीपर्यंत शिकली होती. झाडाखाली सुकट निवडत बसायची. तिचं खेळाकडे लक्ष आहे असं कधी वाटायचं नाही. दाजी आपले टोले कमी सांगायचा, दरवर्षी, प्रत्येक डब्याला. तो "सहा" म्हणाला की सुपातून मान वर न करता ती म्हणायची, "नऊ." नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून नुसता आकडा. धर्मराज हसून हसून बांधावर बसायचा.

ती दिवाळीनंतर गेली. तापाचं निमित्त झालं, आठ दिवसांत आटोपलं. औंदा खेळ राहू दे, असं धर्मराज आणि विठूने आपसात ठरवलं होतं. पण काल दाजी स्वतःच विठूच्या ओट्यावर येऊन उभा राहिला. तिच्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली वही त्याच्या काखेत होती.

"काठ्या काढ," तो म्हणाला.

दुसऱ्या डब्याला दाजी म्हणाला पाच, तिसऱ्याला सहा, चौथ्याला चार. दर वेळी तो थोडा थांबला. दर वेळी विठूने सांगितलं तेवढंच लिहिलं.

ऊन चढलं तसे तिघे झाडाखाली भाकरीला बसले. मग विठूने वही उघडली.

"आयका. बावन्न साल. 'विठूभावजी चार. पण चेंडू बैलाच्या पायाला लागून डब्यात गेला. बैलाचा एक धरून पाच.'"

"बैल तुझ्यापरीस बरा खेळला," धर्मराज म्हणाला.

"तुजा पण हाय. 'धर्मराजभावजी एकवीस. चेंडू आणायला खाडीत उतरले, खेकडा घेऊन वर आले. खेकडा चांगला होता.'"

धर्मराज हसला. दाजीही हसल्यासारखा झाला.

"आनि हा दाजी. 'हे म्हणतात सात. अकरा.' पुढच्या साली, 'हे म्हणतात पाच. दहा.' त्याच्या पुढच्या..."

विठू मधेच थांबला. वही मिटून त्याने तांब्या दाजीकडे सरकवला.

पाचवा डबा खाचराच्या पलीकडच्या कडेला होता. दाजीचा पहिलाच टोला चिखलात गेला. तिथून चेंडू बांधावर आपटून मागे आला. पुन्हा चिखल. एकदा काठी नुसतीच हवेत फिरली. विठू आणि धर्मराज बाजूला उभे राहून दुसरीकडेच बघत होते. शेवटी चेंडू डब्यात पडला तेव्हा दाजीच्या गुडघ्यापर्यंत चिखलाचा गारा उडाला होता.

"तीन," तो म्हणाला.

धर्मराजने विठूकडे बघितलं. विठूने पेन्सिल जिभेला लावली.

"तीन," तो म्हणाला.

"तीन?" दाजीने विचारलं.

"तूच सांगतोस ना. मंग तीनच."

"तुमी मोजलं नाय?"

"आमी कशाला मोजू?" धर्मराज म्हणाला. "तू सांगशील ते खरं. औंदा तू जिकलास, दाजी."

दाजी टोपली उचलायला वाकला. धर्मराजने ती त्याच्या हातातून काढून घेतली. काठ्याही त्यानेच खांद्यावर टाकल्या.

"जिकलेला वाहत नाय. वयनीचाच कायदा हाय."

दाजी त्यांच्या मागून चालला. वही तेवढी त्याच्या काखेत होती, पेन्सिल तिच्यात खोचलेली. मिठागराच्या बांधावरून जाताना त्याचे दोन्ही हात नुसते लोंबत होते. वाटेत त्याने ते एकदा मागे बांधून बघितले, मग पुन्हा सोडले.

घरी आला तेव्हा दिवा लावायची वेळ झाली नव्हती. त्याने गारा धुतला नाही. उंबऱ्यापाशी उजेडात बसून वही उघडली. विठूचं अक्षर मोठं आणि वाकडं होतं. 'दाजी. सहा, पाच, सहा, चार, तीन.'

त्याने तीनवर काट मारली. मग तिच्या ओळीसारखी एक ओळ एकेक अक्षर लावत लिहिली. 'हे म्हणतात तीन.'

पूर्णविराम दिला आणि पेन्सिल तिथेच धरून तो आठवू लागला. पहिला चिखलात. दुसरा बांधावर. हवेतला धरायचा की नाही? ती धरायची. त्यानंतर चिखलातून किती, ते त्याला आठवेना. आठवण्याजोगं काही नव्हतंच. चौदा वर्षांत त्याने आपले टोले कधी मोजले नव्हते. तोंडाला येईल तो आकडा सांगायचा. खरा तिच्याकडे असायचा.

उजेड गेला तेव्हा त्याने पूर्णविरामापुढे एका आकड्यापुरती जागा तशीच ठेवली आणि वही फडक्यात गुंडाळली.