झाकलेल्या बोटीतला दांडा

मित्रांनो, मी एक जुना दांडा आहे. झेंड्याचा नाही, फावड्याचा नाही, साधा झाडूचा दांडा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण माझी पुढची गोष्ट फारशी हसण्यासारखी नाही.

एका कारखान्यात आम्हा पुष्कळ भावंडांना एकदमच तासून गोल केलं आणि खाली केसाळ कुंचे ठोकून गाडीत भरलं. मला एका शिंप्याच्या बायकोने विकत घेतलं. दुकानात तिने मला दोनदा जमिनीवर आपटून पाहिलं आणि म्हणाली, "हा चालेल, हा वाकत नाही." माझं आयुष्यातलं पहिलं कौतुक ते. मग बरीच वर्षं मी शिंप्याच्या दुकानात चिंध्या, दोऱ्यांचे तुकडे आणि तुटकी बटणं गोळा करत फिरलो. शिंपी मशीनवर वाकलेला असायचा. मी जवळ आलो की नजर न उचलता पाय वर घ्यायचा. गिऱ्हाइकं यायची, गप्पा व्हायच्या. एकटं वाटणं म्हणजे काय, हे मला तेव्हा माहीतसुद्धा नव्हतं.

पुढे माझा कुंचा झिजून गेला आणि मी दाराआडच्या कोपऱ्यात पडलो. त्याच सुमारास त्या दोघांनी एक जुनी, लहानशी मोटारबोट घेतली. शिंप्याला पोहता येत नव्हतं आणि पाण्याची भीतीही वाटायची. हौस होती ती बायकोला. मोटारीची दोरी ओढायची ती, बोट वळवायची ती. हा पुढे बसून दोन्ही हातांनी कड धरायचा आणि "अगं हळू, हळू की जरा!" म्हणत राहायचा. धक्क्यावरचे लोक त्याला हसायचे. पण सुट्टीच्या दिवशी दुकानाला कुलूप लागायचं आणि दोघं पाण्यावर जायची. हे कधी चुकलं नाही.

आता धक्क्याला बांधलेल्या बोटीचं एक दुखणं असतं. तळाला भोक नसलं तरी ती वरून भरते. पाऊस पडतो, पाणी आत साठतं, बोट जड होऊन खाली बसते. मागच्या बाजूला मोटार अडकवायला कड खाली कापलेली असते. बोट तिथवर बसली की बाहेरचं पाणीही आत शिरतं, आणि मग संपलंच. म्हणून बोटीला आच्छादन हवं.

"विकतचं कशाला?" शिंपी म्हणाला. "मी काय मेलोय?"

त्याने टेप काढून बोटीचं माप घेतलं. लांबी घेतली, रुंदी घेतली, पुढच्या टोकाची गोलाई घेतली. जाड, मेणकट कापड आणून दुहेरी शिवण घातली. आच्छादन असं बसलं की कुठे सुरकुती नाही, कुठे झोळ नाही. शिंपी चार पावलं मागे जाऊन, मान तिरकी करून बघत राहिला. धक्क्यावर जाळी दुरुस्त करणारी मावशी होती, तीसुद्धा म्हणाली, "दादा, बोट नवरीसारखी नटवलीत हो!"

त्या रात्रीच्या पावसाने त्याची सगळी ऐट उतरवली. शिंप्याने बोटीला कपडा शिवला होता, अंगासरसा. माणसाच्या अंगावर असा कपडा शोभतो. पण पावसाला उतार लागतो, आणि त्या ताणून बसवलेल्या सपाट कापडाला उतार कुठला? पाणी मधोमध साठलं, कापडाला भलं मोठं पोट आलं आणि एका बाजूच्या गाठी सुटून सगळं पाणी आत गेलं. शिंप्याने कपाळाला हात लावला.

बायको घरी गेली आणि कोपऱ्यातून मला घेऊन आली. लांबी जरा जास्त होती, ती करवतीने उतरवली. डोक्यावर एक चिरलेला रबरी चेंडू बसवला, म्हणजे माझ्या टोकाने कापड फाटायला नको. मग मला बोटीच्या बरोबर मध्ये, दोन फळ्यांच्या बेचक्यात उभं केलं आणि वरून आच्छादन ओढलं. मध्ये उंच आणि चहूकडे उतार. पाऊस आला की घरंगळून बाहेर.

"सगळं फिटिंग बिघडवलंस," शिंपी कुरकुरला.

"फिटिंग राहू दे. बोट कोरडी आहे ना?"

 पुढे मावशीला मात्र शिंपी म्हणाला, "ही युक्ती आमचीच हं!"

मित्रांनो, अशी मला दुसरी नोकरी लागली. नोकरी मानाची होती, यात शंका नाही. पण तिच्यात एक गोम होती, आणि ती मला हळूहळू कळली. माणसं बोटीत आली की मला काढून फळीखाली आडवा करायची. माणसं घरी निघाली की मला उभं करायची. शिंप्याची बायको शेवटी माझ्यावर हात टेकून मी हलत तर नाही ना, हे बघायची, कापड ओढायची आणि बाहेरून एकेक गाठ मारत जायची. गाठी तिच्याच. शिंप्याच्या गाठींवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. शेवटची गाठ बसली की आत अंधार. म्हणजे माझं काम सुरू व्हायचं तेच मुळी सगळे निघून गेल्यावर.

तो एकटेपणा तेव्हा फार बोचत नव्हता, कारण त्याला मुदत होती. जोराचा पाऊस होऊन गेला की ती यायची, कापड उचलून आत डोकावायची. चेंडू उन्हाने तडकला की नवा बसवायची. मी वाट बघायचो आणि ती यायची. वाट बघणाऱ्याला याहून जास्त काय हवं?

मग एका सुट्टीला दोघं आली नाहीत. पुढच्या सुट्टीलाही नाहीत. मी मनाशी म्हटलं, गिऱ्हाइकांची घाई असेल. पाऊस येऊन गेला, ऊन येऊन गेलं. आणि एके दिवशी कापडाच्या पलीकडून मावशीचा आवाज आला. ती कुणाला तरी सांगत होती, "शिंपीदादांची मंडळी गेली हो. पंधरा दिवसही अंथरुणात नव्हती."

मला ती बातमी अशी कळली. अंधारात, एकट्याला. दांड्याला रडता येत नाही. मी उभा राहिलो, एवढंच मला येत होतं.

शिंपी त्यानंतर यायला लागला, पण एकटा. तो धक्क्यावर उभा राहायचा, आच्छादनावरून हात फिरवायचा, गाठींना बोटं लावायचा आणि निघून जायचा. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होतो. प्रत्येक वेळी वाटायचं, आज उघडेल. तो उघडायचा नाही. त्या गाठी बायकोने मारलेल्या शेवटच्या गाठी होत्या. मित्रांनो, कुणीच न येणं मी सोसलं असतं. पण इतक्या जवळ येऊन त्याने परत फिरावं, हे फार जड गेलं मला.

आत काय चाललं होतं, ते फक्त मला ठाऊक होतं. डोक्यावरचा चेंडू तडकून दोन तुकडे होऊन पडला. बदलणारं कोण होतं? वारा आला की माझं उघडं टोक कापडाला घासायचं. घासून घासून तिथे भोक पडलं. आता पावसाचं पाणी माझ्याच अंगावरून ओघळत खाली येऊ लागलं. ज्या पाण्याला बाहेर ठेवायला मला उभं केलं होतं, त्याची मीच वाट झालो. पाणी आधी माझ्या पायाशी आलं. मग वीतभर चढलं. फळीखालचा उपसायचा डबा तरंगू लागला आणि बोटीच्या बाजूंवर टकटक करत फिरू लागला. ती टकटक कुणाला तरी ऐकू जावी, असं मला फार वाटायचं.

ऐकू गेली नाही. पण मावशीला डोळे होते.

"दादा," ती एका सकाळी म्हणाली, "बोट किती बसलीय बघा. मागची कड जेमतेम चार बोटं वर आहे."

"झाकलेली आहे ती," शिंपी म्हणाला. "शिवण माझी आहे. गळायची नाही."

"शिवण तुमची, पण पाऊस काय तुमचा आहे? आज आभाळ बघा कसं भरलंय. हा पाऊस झाला की गेली बोट. उघडा ती."

 शिंपी अगदी हळू म्हणाला, "गाठी तिच्या हातच्या आहेत, ताई. एकदा सोडल्या की संपल्या. मला तशा मारता येत नाहीत."

 मावशीने हातातलं जाळं खाली ठेवल्याचं मला ऐकू आलं.

"मग बोटीबरोबर तळाला जाऊ द्यायच्या का त्या?" ती म्हणाली. "वहिनींची बोट आहे ती, दादा. मी सोडू का गाठी?"

"नको. मी सोडतो."

शिंप्याच्या खिशात कात्री असते, नेहमीच. त्याने ती काढली नाही. पावसाने फुगून दगड झालेल्या त्या गाठी त्याने नखांनी, दाभणाने, एकेक करून सोडवल्या. फार वेळ लागला. आभाळ गडगडत होतं, मावशी "आवरा, आवरा" म्हणत होती, आणि तो एका गाठीला दुसरीपेक्षा कमी वेळ द्यायला तयार नव्हता. मग कापड उचललं गेलं आणि इतक्या महिन्यांनी माझ्यावर उजेड पडला.

पोहता न येणारा तो माणूस कड न धरता बोटीत उतरला. पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभा राहून डब्याने पाणी उपसू लागला. मावशी दुसरा डबा घेऊन आली. थेंब पडायला लागले तेव्हा बोट बरीच वर आली होती. मग त्याने मला उचललं. माझा पाय काळा पडून फुगला होता. त्याने मला गुडघ्यांवर आडवं घेतलं, त्या पायावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "इतके दिवस आत तूच होतास होय रे?" आणि तो रडला, अगदी मोकळेपणाने, भर पावसात. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी काही विचारलं होतं, आणि मला उत्तर देता येत नव्हतं.

तर मित्रांनो, झाकून ठेवलं म्हणजे जपलं, असं समजू नका. तुमच्या घरातही काही झाकलेलं, बांधलेलं, जिवापाड आवडतं असेल. अधूनमधून ते उघडा आणि आत बघा. आत कुणीतरी एकट्याने भार धरून उभं असेल.

शिंप्याने आच्छादनाला ठिगळ लावलं, माझ्या डोक्यावर चिंध्यांची गादी शिवली आणि मला पुन्हा उभं केलं. पण बरोबर जागा बायकोला ठाऊक होती, त्याला नाही. तो मला वीतभर पुढेच लावतो. त्यामुळे मागच्या बाजूला कापडाचा जरासा झोळ राहतो आणि त्यात थोडं पाणी साठतं. ते काढायला त्याला प्रत्येक पावसानंतर यावं लागतं. तो येतो, वेड्यावाकड्या गाठी सोडतो, पाणी झटकतो, आत डोकावून मला हलवून बघतो आणि स्वतःशीच म्हणतो, "कुठं चुकतंय, काही कळत नाही बुवा."

मला कळतं. पण मी एक लाकडाचा दांडा. मी कशाला बोलू?