पोटातलं पाणी

किसनरावांचं पोट फुगायला लागलं ते कापसाच्या वेचणीत. आधी सदऱ्याची बटणं ताणली, मग धोतराची गाठ पोटाखाली उतरली. दंड आणि गाल आत गेले, पावलं मात्र सुजली. बसल्या जागी धाप लागायची.

मोताळ्याजवळच्या त्यांच्या गावात असलं पोट सगळ्यांनी आधी पाहिलेलं होतं. त्यांचे थोरले भाऊ भगवानराव असंच पोट घेऊन गेले, आणि ते दारूनं गेले हे कोणाला वेगळं सांगावं लागलं नव्हतं. भावाला अग्नी देऊन आल्यावर किसनरावांनी गावातल्या हातभट्ट्या मोडायचं मनावर घेतलं. पोलीस आणले, नाल्याकाठची मडकी स्वतःच्या काठीनं फोडली, काही घरांशी जन्माचं वैर घेतलं. स्वतः त्यांनी दारूच्या थेंबालाही कधी हात लावला नव्हता.

आता लोक तब्येत विचारत आणि नजर पोटावर ठेवत. तोंडावर कोणी काही म्हणत नव्हतं. सुरुवातीला किसनराव शपथ घेऊन सांगायचे. मग नुसतंच सांगायचे. मग त्यांनी पारावर जाणं सोडलं.

एका दुपारी ते खाटेवर पडले होते. डोळा लागला होता. जाग आली तेव्हा बायकोचा, रुखमाबाईचा, चेहरा अगदी तोंडाजवळ होता. ती वास घेत होती.

“काय पाहून राह्यली?”

“काई नाही. ताप आहे का पाहत होती.”

“ताप कपाळाले पाहतेत.”

रुखमाबाई खाटेच्या कडेला बसली. म्हणाली, “माह्या मनात आलं. काऊन आलं, ते मलेच समजत नाही.”

किसनरावांनी भिंतीकडे तोंड केलं. रागवायलाही अंगात जोर लागतो, तो उरला नव्हता. संध्याकाळी त्यांनीच सांगितलं, मला बुलढाण्याला ने.

एसटी राजूरच्या घाटात वळणं घ्यायला लागली तसं ते दोन्ही हातांनी पोट धरून बसले. मोठ्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी पोटावर बोटं आपटून पाहिली आणि पहिलाच प्रश्न केला, किती पिता? किसनराव म्हणाले, पीत नाही. डॉक्टरांनी मान हलवली. तपासून झाल्यावर पुन्हा तेच विचारलं, जरा समजुतीच्या आवाजात.

“लिहा,” किसनराव म्हणाले. “तुम्हाले जे वाटते ते लिहा.”

सुई घालून पाणी काढलं. पिवळसर, बादलीभर. कित्येक आठवड्यांनी किसनराव उताणे झोपू शकले. पण आठवडा उलटायच्या आत पोट पुन्हा भरायला लागलं. डॉक्टरही कोड्यात पडले. इथे खाटेवरून हलत नाही, तर दारू येते कुठून?

एका सकाळी ते फेरीवर आले तेव्हा रुखमाबाई पेल्यात पांढरी पूड ढवळत होती. हे काय, असं त्यांनी विचारलं.

“औषध नाही हो. खायचा सोडा आहे. ह्यायची छाती जळते ना, त्याच्यासाठी.”

मग सगळं निघालं. किसनरावांना जुनी जळजळ होती. घशाशी आंबट यायचं, भाकर खाल्ली की छातीत आग पेटायची. पूर्वी कधी एका डॉक्टरनं जेवणानंतर चिमूटभर सोडा घ्यायला सांगितला होता. चिमटीचा चमचा झाला, चमच्याची मूठ झाली. अलीकडे शेतात जाताना धोतराच्या सोग्यातही पुडी असायची. आराम पडायचा, म्हणून रुखमाबाई न मागताही द्यायची.

डॉक्टर स्टूल ओढून बसले. कधी कावीळ झाली होती का? झाली होती, लग्नाच्या साली, मरता मरता वाचले होते. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की त्या काविळीनं लिव्हर कमजोर झालेलं असणार. मिठात जे असतं तेच सोड्यात असतं, आणि ते अंगात पाणी धरून ठेवतं. धडधाकट माणूस ते बाहेर टाकतो, यांच्या अंगानं पोटात साठवलं.

“फार थोड्यांना होतं असं,” ते म्हणाले, “पण झाल्याच्या नोंदी आहेत. दारू न पिताही होतं.”

रुखमाबाईनं पेला मोरीत रिकामा केला. परत येऊन खाटेजवळ उभी राहिली.

“मीच देत होती,” ती म्हणाली.

“मीच मांगत होतो.”

सोडा बंद झाला, मीठ बंद झालं, लघवीच्या गोळ्या सुरू झाल्या. थंडी सरेपर्यंत पोट उतरलं. जळजळ मात्र पुरी परतली. झोपेत आंबट वर येऊ नये म्हणून खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून, अळणी वरणभाकर खाऊन किसनराव दिवस ढकलू लागले.

रुखमाबाईनं विहिरीवर सगळ्यांना सांगितलं, सोड्यानं झालं होतं. बायकांनी माना डोलावल्या. पाठीमागे बोलणं झालंच: सोडा कशात टाकून घेत होते, ते नाही सांगत.

उन्हाळ्याच्या तोंडाशी रामराव आला. किसनरावांनी ज्यांची मडकी फोडली त्यांच्यातला हा एक. तेव्हापासून तो या ओट्यावर चढला नव्हता. कडेला टेकला. त्याची पावलं सुजलेली होती आणि सदरा पोटावर ताणलेला.

“तुमचं उतरलं म्हणतेत.”

“उतरलं.”

रामराव जमिनीकडे पाहत होता. “कशी सोडली?”

रुखमाबाई दारात उभी राहून ऐकत होती. किसनराव खरं सांगणार होते, शब्द ओठांवर आले होते. पण सोड्याची गोष्ट ऐकली तर हा उठून जाणार, आणि पुन्हा येणार नाही, हे त्यांना दिसत होतं.

“हळूहळू,” ते म्हणाले. “पहिले मीठ सोडलं. मंग बाकीचं.”

“डॉक्टर रागावते का?”

“विचारते. खरं सांगून टाकायचं. मी येतो संगं.”

तो गेल्यावर रुखमाबाई म्हणाली, “आता गाव म्हणन, तुम्ही कबूल झाले.”

“म्हणू दे. मी थकलो.”

दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनं बुलढाण्याला गेले. रामराव पुरता बरा झाला असं नाही. मधे एकदोनदा घसरलाही. पण मुलीच्या लग्नात अक्षता टाकायला तो स्वतःच्या पायांवर उभा होता. गावानं किसनरावांना पूर्वीचा पिणारा म्हणून मनात कायमचं नोंदवलं. किसनरावांनी ते पुन्हा कधी खोडलं नाही. रुखमाबाई मात्र पुढे कितीतरी दिवस भेटेल त्याला सोड्याचं सांगत राहिली. मग तिनंही सोडून दिलं.