पिवळं घर पाहिलेला माणूस

लाँच बेटाला टेकली तेव्हा हणमंतरावांच्या मनात एकच होतं, नातीच्या, सायलीच्या मोबाइलची बॅटरी संपावी.

नागार्जुनसागरच्या पाण्यातलं हे बेट म्हणजे बुडालेल्या खोऱ्यातल्या डोंगराचा माथा. धरणाचं पाणी चढायच्या आधी, बारा वर्षांचे असताना, आपण शाळेच्या सहलीबरोबर या डोंगरावर चढलो होतो, असं हणमंतराव जन्मभर सांगत आले होते. आणि ते खोटं होतं.

सहल गेली होती. शहरातल्या नारायणगुड्याच्या शाळेतली सगळी पोरं गेली, हे मात्र ताप आल्याचं सांगून घरी राहिले. परक्या जागी दहा जणांत झोपायची भीती वाटली, एवढंच. त्यांचा मित्र उदय जाऊन आला आणि ओट्यावर बसून त्यानं सगळं सांगितलं. हणमंतरावांनी त्याचा निबंध केला, ‘मी पाहिलेले खोरे’. पहिलं बक्षीस मिळालं. वर्गात वाचून दाखवला तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या उदयनंच वाजवल्या. त्या टाळ्या हणमंतरावांना कधी पचल्या नाहीत. नल्लकुंट्याच्या त्यांच्या घरातून उदयचं विद्यानगर चालत पंधरा मिनिटांवर, पण उदयकडे जाऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती.

“आजोबा, इकडं उभं राहा. मागं पाणी दिसायला पाहिजे,” सायली म्हणाली. बुडालेल्या खोऱ्यावर तिच्या शाळेचा प्रकल्प होता. “टीचर बोलली, ऐकलेलं नक्को, स्वतः बघितलेला माणूस पाहिजे.”

“मग आपल्याकडं घरचाच आहे की,” त्यांचा मुलगा ओमकार हसला. “बाबा, ते धनगराच्या ताकाचं सोडू नका हां.”

तासभर चढउतार करून पाय भरून आले होते. हणमंतराव झाडाखाली उभे राहिले आणि पाठ असलेलं बोलू लागले. उत्खननात माती ब्रशानं झाडणारे मजूर, डोंगराची वाट, धनगरानं दिलेलं ताक. ताक तर उदयनंही सांगितलं नव्हतं. ते त्यांनी स्वतःच्या पदरचं घातलं होतं.

लाँचमध्ये त्यांच्या शेजारी बसलेली आणि ओमकारकडून ही गोष्ट ऐकलेली एक म्हातारी नातवाचा हात धरून थांबली होती. वीरम्मा तिचं नाव. तिनं तेलुगूत विचारलं, “कुठून चढलात तुम्ही?”

हणमंतरावांनी सुचेल तिकडे हात केला. म्हातारी त्या बाजूला बघत राहिली. तिकडे खाली सरळ तुटलेला कडा होता.

“खालचं गाव पाहिलंत?”

“हो.”

“आमचं होतं ते!” तिनं त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. “विहिरीजवळचं पिवळं घर? दारात कडुलिंबाचा पार? आमचंच. आता ते बघितलेलं कुणी राहिलं नाही, दादा. नातवाला सांगते तर त्याला वाटतं म्हातारी बडबडते. तुम्ही सांगा त्याला. पाहिलंत ना?”

मोबाइल चालू होता. सायली बघत होती.

“पाहिलं,” हणमंतराव म्हणाले. “पिवळं होतं.”

म्हातारीचे डोळे भरून आले. नातवाला कोपरानं ढोसत ती म्हणाली, “ऐकलंस?” मग पिशवीतून दोन सीताफळं काढून तिनं हणमंतरावांच्या हातात ठेवली. नको म्हणायलाही त्यांना तोंड राहिलं नव्हतं.

संध्याकाळी गाडी शहरात परतून सुलतान बाजारात शिरली. सून त्रिवेणी चार दुकानं फिरून बांगड्या घेऊन आली. हणमंतराव दुकानाच्या पायरीवर सीताफळं मांडीवर घेऊन बसून होते.

“मामंजी, ती पिशवीत टाका की. पिकलीत, शर्टाला लागतील.”

“असू दे.”

नारायणगुड्याला ओमकारनं गरम मिरची भजी आणि इराणी चहा मागवला. हणमंतरावांनी एक भजं उचललं आणि परत ठेवलं.

“भजी नकोत?” ओमकारनं विचारलं. “तुम्ही तर चार खाता.”

“आजोबा, त्या आजीच्या नातवाचा नंबर घेतलाय मी,” सायली म्हणाली. “व्हिडिओ पाठवते आता. आजी रोज बघणार म्हणे.”

“थांब.”

आवाज इतका चिरका निघाला की शेजारच्या टेबलावरचे वळून बघू लागले. हणमंतरावांनी चहाच्या बशीकडे बघत सांगितलं, “मी गेलोच नव्हतो. सहलीला. घरी होतो. उदय गेला होता.”

ओमकार ओशाळं हसला आणि त्याचं हसू तसंच राहिलं. जन्मापासून त्यानं ही गोष्ट ऐकली होती, मित्रांना सांगितली होती.

“आणि पिवळं घर?” सायलीनं विचारलं.

“तिनं पिवळं म्हटलं, म्हणून मी पिवळं म्हटलं.”

सायलीनं मोबाइल उलटा ठेवला. तिच्या तोंडाकडे बघायचं हणमंतरावांना धाडस झालं नाही. ती म्हणाली, “ती रडत होती, आजोबा.”

“हो.”

“उदय आजोबा आहेत अजून?”

“विद्यानगरला. कानानं कमी ऐकतो, म्हणतात.”

“मग त्यांना विचारू ना. त्यांनी खरंच ते घर बघितलं असेल तर?”

ओमकारनं गाडीची किल्ली उचलली.

उदयचं दार हिरवं होतं, तेच जुनं. आतून टीव्हीचा मोठा आवाज येत होता. मागे सायली मोबाइल घेऊन उभी होती. हणमंतरावांच्या दोन्ही हातांत सीताफळं होती आणि घंटी वाजवायला हात मोकळा नव्हता. त्यांनी एक सीताफळ नातीपुढं धरलं. क्षणभर वाटलं, ती घेणार नाही. मग तिनं ते घेतलं.

त्यांनी घंटी दाबली. आत टीव्ही बंद झाला.