न्हाणीतला पाहुणा

"बरा झालाय हा," न्हाणीच्या दारात उभं राहून पेर्सिदा म्हणाली. "आता काय, बाप्तिस्मा देऊन पोटाशी धरून ठेवणार आहेस?"

यागोदा टबाशेजारी गुडघे टेकून बसली होती. बाह्या वर सारून तिनं तो मासा अलगद दोन्ही तळव्यांवर पेलला होता. पाठीवरची जखम भरून आली होती. खवले काही परत आले नव्हते, पण तिथं गुलाबी, ताणलेली कातडी धरली होती.

"अजून कच्ची आहे गं जखम."

"कच्ची म्हणे! तुझ्या गुडघ्यांपेक्षा धडधाकट आहे तो. दे सोडून नदीत आणि स्वतः एकदा टबात बसून आंघोळ कर. फाटकापर्यंत चिखलाचा वास येतो."

"सण होऊ दे. मग सोडते."

पेर्सिदा शेजारीण. तिची जीभ आणि यागोदाचं फाटक, दोन्हींना कडी अशी कधी नव्हतीच. 

मासा शरद ऋतूत आला होता. डॅन्यूब नदीचं पाणी ओसरलं आणि विलोच्या झाडांमधल्या एका डबक्यात तो अडकून पडला. कुठल्याशा बोटीच्या पंख्यानं पाठ फाडलेली. तळ्यात पोसलेल्या लठ्ठ कार्प माशासारखा नव्हता. लांबसडक, सोनेरी, अस्सल नदीचा होता. सरपणाला गेलेल्या यागोदाच्या जागी गावातलं दुसरं कुणीही असतं, तर त्याच दुपारी चुलीवर लाल रस्सा रटरटला असता. पण तिचं सगळं आयुष्य दवाखान्याच्या ड्रेसिंगच्या खोलीत गेलेलं. उघडी जखम दिसली की तिचे हात गप्प बसत नसत. ओल्या ॲप्रनमध्ये गुंडाळून तिनं त्याला घरी आणला.

मग विहिरीच्या पाण्याच्या बादल्या, मूठभर मीठ, जखम धुवायचं चिमूटभर जांभळं पोटॅश. कापसानं जखम पुसून वर मधमाश्यांच्या डिंकाचा लेप. सुरुवातीला तो कुशीवर कलंडायचा. ती त्याला सरळ धरून पाण्यातून मागेपुढे फिरवत बसायची, कंबर मोडून येईपर्यंत. पुढे तो तिच्या बोटांतून उकडलेला मका खायला लागला, तेव्हा बाईनं आनंदानं अंगणात जाऊन कोंबड्यांनाही दुप्पट मका टाकला.

खरं तर जखम कधीच मिटली होती. तिला तो सोडवत नव्हता. संध्याकाळी न्हाणीतून शेपटीचा सपकन आवाज आला की घरात दुसरं माणूस असल्यासारखं वाटायचं. ती त्याच्याशी बोलायची, आणि बोलणं सगळं एकाच विषयाचं: नेबोयशा.

नेबोयशा तिचा एकुलता एक मुलगा. व्हिएन्नात फरशा बसवायचा. तिथंच लग्न, तिथंच पोरंबाळं. दर हिवाळ्यात संत निकोलाचा सण जवळ आला की फोनवर म्हणायचा, "या वर्षी जमेल असं वाटतंय, आई." मग कधी काम निघायचं, कधी रस्त्यावर बर्फ, कधी पोराला ताप. हा सण कुळाचा. बापाकडून मुलाकडे येतो, मेणबत्ती घरच्या पुरुषानं लावायची. नवरा स्रेतेन गेल्यापासून ती यागोदाच लावत होती. गाव तिला नावं ठेवत नव्हतं. पण दरवर्षी काडी ओढताना तिला वाटायचं, आपल्याबरोबर हेही विझणार.

यंदा तो नुसतं "बघतो, आई" म्हणाला. तिनंही जास्त विचारलं नाही.

सणाच्या सकाळी तिनं ठेवणीतला कोट चढवला, सणाची भाकरी आणि अक्रोड घालून शिजवलेला गहू घेतला, किल्ली कुंडीखाली ठेवली आणि देवळात गेली. उपासाचा सण, मांस चालत नाही, पण पानात मासा हवाच. तो पेर्सिदा आणि तिचा नवरा भाजून आणणार होते, तसं ठरलंच होतं. पाद्रीबाबांनी भाकरी कापली, वर वाईन शिंपडली. यागोदा घराकडे वळली.

तिच्या धुराड्यातून धूर येत होता. फाटकाशी परदेशी पाटीची गाडी उभी होती.

गुडघ्यांची तक्रार विसरून ती धावली.

स्वयंपाकघरात नेबोयशा उभा होता. अंगात बापाचा ॲप्रन, बाह्या वर, कपाळावर एक चिकटलेला खवला. कांद्याचा आणि लाल मिरचीचा वास घरभर कोंदला होता.

"सण सुखाचा जावो, आई!" त्यानं तिला उचलून गरकन फिरवलं. "घाबरलीस ना? म्हटलं, न सांगता जाऊ. आलो तर न्हाणीत मासा! बाबा ठेवायचे तसाच, चिखलाचा वास जायला. म्हटलं, आई देवळातून यायच्या आत उरकून टाकू. बाबांची लाकडी हातोडी अजून त्याच खणात आहे की! पण काय दणकट गडी होता गं. सगळं भिजवलंन मला. कुठून आणलास?"

यागोदानं ओव्हनकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. टक्कल पडत चाललेला तिचा मुलगा शाबासकीची वाट बघत उभा होता, लहानपणी बादली भरून आणल्यावर उभा राहायचा तसाच. याच ॲप्रनमध्ये, याच दिवशी, याच जागी त्याला बघायला ती इतकी वर्षं झुरली होती. आता एक शब्द बोलली असती, तर त्यानं हा ॲप्रन पुन्हा कधी घातला नसता.

"नदीनं दिला," ती म्हणाली. "छान साफ केलास. अगदी बाबांसारखा."

मग न्हाणीत जाऊन तिनं दार लावलं. टब रिकामा होता. नळ मोठा सोडून ती रडली. "वेळेवर सोडायला हवं होतं रे तुला," ती पुटपुटली. "मीच धरून ठेवलं." तोंड धुऊन ती बाहेर आली, तर फाटकाशी पेर्सिदा, हातात झाकलेली परात.

"परत ने," यागोदा तिला अडवत म्हणाली. "नेबोयशा आलाय. त्यानं मासा केलाय."

"कुठला मासा?" पेर्सिदानं विचारलं, आणि तिचं तिलाच समजलं. "अगं बाई... त्याला सांगितलंस?"

"नाही. आणि तूही सांगायचं नाहीस."

"माझ्या तोंडून गेलं तर जीभ झडो," पेर्सिदा म्हणाली. तिनं परात पदराखालच्या पोरासारखी छातीशी धरली आणि मागं फिरली.

सणाला आमंत्रण नसतं. ज्याला यायचं तो येतो. नेबोयशाची गाडी पाहून यंदा जरा जास्तच आले. "घरधनी आला!" म्हणत म्हाताऱ्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. त्यानं मेणबत्ती लावली.  रीतीप्रमाणे तो दिवसभर उभाच राहिला, पेले भरत, ताटं वाढत. "असा मासा हल्ली मिळतो कुठं!" कुणीतरी म्हणालं आणि पुन्हा ताट पुढं केलं. पेर्सिदानं भाकरी आणि घेवडा खाल्ला आणि पोट बिघडल्याचं सांगितलं. यागोदा मात्र बसून होती, आणि सुखात होती. ते सुख खोटं नव्हतं. दुःखही खोटं नव्हतं.

पाहुणे पांगले तेव्हा नेबोयशा खुर्चीवर आदळला.

"पुढच्या वर्षी पोरांना घेऊन येतो. आणि मासा मीच साफ करणार, आत्ताच सांगून ठेवतो."

"ये," ती म्हणाली.

तिनं उरलेला तुकडा त्याला वाढला. तो भुकेनं तुटून पडणार, तोच तिनं ताट स्वतःकडे ओढलं आणि बोटांनी काटे चाचपायला लागली.

"आई, अगं केस पिकले माझे."

"असू दे. नदीच्या माशाचे काटे बारीक असतात."

तिच्या बोटांना तो मासा ओळखीचा होता. एकेक काटा काढून ती ताटाच्या कडेला ठेवत राहिली, आणि तो मांडीवर हात ठेवून वाट बघत बसला.