रहिवासाचा दाखला

आदेलिनोकाकांनी कागद आधी हातभर लांब धरून पाहिला. मग उंबऱ्याबाहेर उजेडात येऊन त्यांनी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि विझ्माच्या हातात परत दिला.

"सही नाही करता येणार."

"का?"

"यात लिहिलंय, मी या बाईला ओळखतो. मी कुठे ओळखतो तुला?"

"मी समोर राहते. जुलैपासून."

"समोर टपालपेटीपण आहे. तिच्याबद्दल कोणी विचारलं तर काय सांगू?"

विझ्माला पोर्तुगीज पुरेसं समजत होतं, पण भांडण्याइतकं बोलता येत नव्हतं. ती कागदाकडे पाहत उभी राहिली. खालच्या दोन रेघांपैकी एकीवर झुल्मिराकाकूंची सही होती. काकूंनी परसातला कोबी कापता कापता, कागदावर काय आहे हे न विचारता ती ठोकून दिली होती आणि वर एक कोबीही दिला होता.

"झुल्मिराने केली म्हणतेस? ती काय, कोंबड्यांच्या खाद्याच्या पावतीवरही करते."

पोर्तुगालच्या डोंगरातल्या सोब्राल गावात राहती घरं चाळीसएक असतील. गावच्या कचेरीतून रहिवासाचा दाखला हवा, तर यादीतल्या दोन मतदारांनी सांगायचं असतं की हो, हा माणूस इथे राहतो, आम्ही ओळखतो. दाखला मिळाला की तालुक्याला नोंदणी. महिनाअखेरपर्यंत ती झाली नाही, तर तिची कंपनी म्हणणार होती की दुसरा देश बघ. विझ्माला दुसरा देश बघण्याची सवय होती. लात्वियातून निघाल्यापासून चार वर्षांत हा तिसरा. कुठेही जाऊन टेबल, खुर्ची आणि इंटरनेट मिळालं की तिचं काम सुरू व्हायचं. पण या वेळी तो विचार मनात आला आणि ती एकदम थकली.

"मग काय करू?" तिने विचारलं.

काकांनी मान खाजवली. "शनिवारी ऑलिव्ह काढायचे आहेत. ये. जाड मोजे घालून ये."

शनिवारी तिने झाडाखाली जाळी अंथरली. लांब काठीने फांद्या झोडायच्या, पण पानं तुटू द्यायची नाहीत. तासाभरात तिचे हात भरून आले. ऐंशीच्या घरातले काका मात्र एका लयीत काठी चालवत होते आणि मधून मधून प्रश्न टाकत होते.

"काम काय करतेस दिवसभर? खिडकीत बसलेली असतेस."

"चित्रफितींखाली शब्द लिहिते. गाईंचं दूध काढायची यंत्रं असतात ना, ती कशी वापरायची, त्याच्या."

काकांची काठी थांबली. "तुला धार काढता येते?"

"नाही."

"गाईजवळ गेलीयस कधी?"

"लांबून पाहिलीय."

काका हसले, खोकले आणि पुन्हा हसले. "आणि इथे का आलीस? आमचं गाव कोणी शोधून येत नाही."

"भाडं कमी होतं. इंटरनेट चांगलं होतं."

"हे खरं बोललीस. तो वरच्या गल्लीतला चित्रकार सांगतो, डोंगराने हाक मारली म्हणे."

दुपारी त्यांनी भाकरीसारखा जाड पाव आणि डब्यातले सार्डिन मासे काढले. विझ्मा जेवता जेवता आपणहून बोलली. आई वारल्यावर लिएपायाचं, समुद्राकाठचं घर विकलं, भाऊ आहे, तो नाताळला फोन करतो. समुद्राची आठवण येते का, असं काकांनी विचारलं. तिने बराच वेळ विचार केला.

"वाऱ्याची येते," ती म्हणाली. "आई वाऱ्याला शिव्या द्यायची. नाव घेऊन, माणसाला देतात तशा."

काकांनी पावाचे कण जाळीबाहेर झटकले. "सोमवारी कचेरी उघडते दहाला. चल. तिथल्या रुतेसमोरच करतो सही."

सोमवारी दहाला विझ्माची बैठक होती. तिने येणार नाही असं कळवलं. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता.

कचेरीतली रुते दोघांना पाहून खूश झाली. तिने झुल्मिराकाकूंचं नाव यादीत तपासलं, मग काकांचं ओळखपत्र यंत्रात घातलं. पडद्याकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"काका, तुम्ही यादीत नाही."

"नीट बघ. आदेलिनो. तुझ्या बापाच्या बारशाला होतो मी."

"माहितीय हो मला. पण तुमचा पत्ता सेतुबलचा आहे. सेलेस्तताईंचा. मार्चपासून." तिचा आवाज खाली आला. "म्हणजे मतदार तुम्ही तिथले. साक्षीला चालणार नाही."

काका काउंटरची कड धरून उभे राहिले. मग म्हणाले, "मार्चमध्ये मोतीबिंदू काढला. लेकीकडे होतो दोन आठवडे. डोळ्याला पट्टी होती." त्यांनी तर्जनी काउंटरवर टेकवली. "तिने बोट ठेवलं, तिथे सही केली. दवाखान्याचे कागद आहेत म्हणाली."

रुतेने उगाचच शिक्का उचलून ठेवला आणि मग विझ्माकडे वळली.

"तुमचं अडणार नाही हो. कॅफेतला नेल्सन करेल सही, दोन मिनिटांत येईल. बोलावू?"

विझ्माने कागदाची घडी घातली, मग आणखी एक घडी घातली.

"नंतर येते," ती म्हणाली.

घरी जाताना चढावर काका दोनदा थांबले. एरवी ते थांबत नसत. दारात किल्ली फिरवताना, तिच्याकडे न पाहता त्यांनी विचारलं, "तो पत्ता तुझ्या त्या यंत्रावर बदलता येतो का परत?"

तिने लॅपटॉप आणला. स्वयंपाकघरातल्या मेणकापडावर तो ठेवून ती एकेक रकाना भरू लागली. ओळखपत्रासोबत आलेलं गुप्त आकड्यांचं पाकीट काकांनी साखरेच्या डब्यामागून काढलं. रस्त्याचं नाव, घराचा क्रमांक. नव्या पत्त्यावर पत्र येईल, असं पडद्यावर लिहून आलं. शेवटचं बटण राहिलं.

"थांब," काका म्हणाले. "तिला न सांगता नको. नाहीतर तिच्यात आणि माझ्यात फरक काय?"

त्यांनी फोन लावला आणि टेबलावर ठेवला, कारण कानाला लावून त्यांना नीट ऐकू येत नसे. सेलेस्तचा आवाज साऱ्या स्वयंपाकघरात आला. काकांनी सांगितलं.

"बाबा, मोठ्या दवाखान्यात नंबर लागावा म्हणून केलं. तिथला पत्ता लागतो."

"मग तसं सांगायचं."

"तुम्ही ऐकलं असतं?"

"नाही."

"बघा." ती रागावली नव्हती. बोलता बोलता कुठेतरी बसली असावी. "मागच्या हिवाळ्यात तुम्ही गोठ्याच्या पायरीवर पडलात. टपालवाला आला म्हणून कळलं. चार तास, बाबा. मी इथे तीनशे किलोमीटरवर. फोन उचलला नाहीत की मी काय काय विचार करत बसते, तुम्हाला कल्पना आहे? कोण बघणार तिथे तुमच्याकडे?"

काका मेणकापडावरच्या फुलावरून अंगठा फिरवत राहिले. त्यांनी हळूच लॅपटॉपकडे हात नेला, झाकण मिटायला.

विझ्माने तो हात अडवला नाही. ती फोनकडे वाकली.

"मी समोर राहते," ती म्हणाली. व्याकरण जुळवायला तिला वेळ लागत होता. "सात वाजता कामाला बसते. खिडकीतून यांचं दार दिसतं. आठपर्यंत नाही उघडलं, तर मी जाईन. रोज."

"कोण बोलतंय?"

"विझ्मा."

"ती खिडकीतली," काका म्हणाले. "गाईंवाली."

मग सेलेस्तने सावधपणे, एका परक्या बाईशी बोलावं तसं विचारलं, "आणि तुम्ही किती दिवस आहात तिथे?"

विझ्माने काकांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. उत्तराशी आपला संबंध नाही, असं दाखवायचा त्यांचा प्रयत्न होता.

"घराचा करार जानेवारीपर्यंत आहे," ती म्हणाली. खरं तेच सांगायला हवं होतं. मग तिने श्वास घेतला. "वाढवणार आहे."

हे तिने अजून घरमालकिणीला सांगितलं नव्हतं, कंपनीलाही नाही. स्वतःला तरी आत्ताच सांगितलं होतं.

फोनमधून एक खण उघडल्याचा आवाज आला, मग कागद चाळल्याचा.

"तुमचा नंबर द्या," सेलेस्त म्हणाली. "हळू सांगा. लिहून घेते."

विझ्मा एकेक आकडा सांगू लागली. सेलेस्त प्रत्येक आकडा परत म्हणत होती. सातवा चुकला. विझ्माने तो दुरुस्त करून पुन्हा सांगितला, आणि काकांनी उघडा लॅपटॉप शेवटच्या बटणासाठी तिच्याकडे सरकवला.