सांधा भरेपर्यंत

"करवत कुठली वापरता?" असं आमच्या ह्यांनी सर्जनना विचारलं, तेव्हा मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

हे सुतार. छातीचं हाड उभं कापणार, आत हृदयाला नवी रक्तवाहिनी जोडणार आणि मग तारेने हाड परत बांधून टाकणार, एवढं ऐकल्यावर दुसऱ्या कुणाच्या तोंडचं पाणी पळालं असतं. माझं पळालंच होतं. ह्यांनी करवतीचे दात केवढे असतात ते विचारलं. सर्जन हसले. "बारीक असतात. काळजी करू नका."

"आणि सांधा भरायला किती दिवस?"

"तीन महिने धरून चाला. तोवर जड उचलायचं नाही, हातांवर जोर द्यायचा नाही."

ह्यांनी मान डोलावली. त्या मान डोलावण्यात त्यांनी स्वतःपुरतं काय ठरवून टाकलं, ते मला फार उशिरा कळलं.

मी पंख्यांच्या कारखान्यात तपासणीला आहे. काचेच्या खोलीत बसते. एकेक पंखा समोर येतो, मिनिटभर फिरतो, मी ऐकते. बेअरिंग खरखरतंय का, पातं डुगडुगतंय का, मोटर घुमतेय का. ठीक असला तर खडूची खूण, नसला तर परत. चोवीस वर्षं हेच. आता तपासायला यंत्रंही आलीत, पण यंत्राला शंका आली की सुपरवायझर मलाच हाक मारतो. त्यामुळे घरात माझं नाव 'पास-नापास' पडलंय. जिन्यात पाऊल वाजलं की कोण आलं ते मी सांगते, आणि खोटं बोलणाऱ्याचं खोटं मला त्याच्या आधी ऐकू येतं, अशी माझी समजूत होती.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी साडेसातला ह्यांना आत नेलं. जाताना नर्सने ह्यांच्या कानावरची पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. हा माणूस दवाखान्यातही कानावर पेन्सिल ठेवून आला होता! मी बाकावर बसले. शेजारी नणंद बसली होती, म्हणजे आमच्या वन्सं, ह्यांच्या थोरल्या बहीण. त्या मला चहा पी म्हणाल्या, मी पीत नाही म्हटलं. मग त्यांनी माझ्या वाटणीचाही प्यायला. साडेपाच तासांत मी ती पेन्सिल दातांनी पार सालपटून टाकली.

संध्याकाळी मला दोन मिनिटं आत सोडलं. तोंडात नळी, मानेत नळी, छातीवर उभी पांढरी पट्टी. आजूबाजूला यंत्रं आपापल्या आवाजात काहीबाही सांगत होती. आयुष्यभर आवाज ऐकून पोट भरणारी मी, त्यातल्या एकालाही पास-नापास म्हणता येईना. त्या क्षणी मला जी भीती वाटली तिला नाव नाही. मी पलंगाचा गार दांडा धरून उभी होते.

हे त्यातून उठले. पाचव्या दिवशी फिजिओथेरपिस्ट आली, तरुण, चुणचुणीत मुलगी. तिने एक प्लास्टिकचं यंत्र आणलं. तीन उभ्या नळ्या, प्रत्येकीत एक हलका चेंडू, आणि बाजूला तोंडात धरायची लवचीक नळी. श्वास जोरात आत ओढायचा, चेंडू वर जाऊन झाकणाला टेकले पाहिजेत. दर तासाला दहा वेळा. आणि खोकायचं, मुद्दाम खोकायचं, छातीशी उशी धरून.

"घरी गेल्यावर सगळ्यात मोठा धोका हाच," ती मला बाजूला घेऊन म्हणाली. "दुखतं म्हणून पेशंट वरवर श्वास घेतात. मग फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो, कफ साचतो, न्यूमोनिया होतो. मग परत आयसीयू, परत नळी. मागच्याच महिन्यात एक काका..." आणि ती थांबली. "तुम्ही लक्ष ठेवा, एवढंच."

ते अर्धं वाक्य मी घरी घेऊन आले.

घरी आल्यावर मी अंथरूण खिडकीशी केलं, उशाला ते यंत्र ठेवलं आणि समोर खुर्ची टाकून बसले.

"तू समोर बसू नकोस बाई," हे म्हणाले. "तुझा तो तपासणीचा चेहरा बघून हसू येतं. हसलं की दुखतं."

मग मी स्वयंपाकघरात. हातात भांडं, कान बाहेर. टक, टक, टक. तीन चेंडू वर. मग थोडा वेळ काही नाही. पुन्हा टक, टक, टक. दहा झाले की मी सुटकेचा श्वास टाकायची आणि घासणी पुन्हा भांड्यावर फिरायची. दर तासाला हाच कार्यक्रम. लेकीचा दुसऱ्या शहरातून फोन आला की मी फोन दाराशी नेऊन तिलाही ऐकवायची. "ऐकलंस? तिन्ही!"

"अगं, सारखा काय कानोसा घेतेस?" वन्सं म्हणायच्या. "भाऊ आहे तो माझा, पंखा नाही."

पण मला भीती वाटत होती. साधी, रांगडी भीती. धूळ पुसायच्या निमित्ताने मी दाराशी जायची आणि ह्यांचं पांघरूण वरखाली होतंय का ते बघायची. फारसं होत नसे. हे दोन-दोन शब्दांत बोलायचे. खोकला आला की घोटभर पाणी पिऊन आत ढकलायचे. मी म्हणायची, अशक्तपणा आहे, जाईल. मनाची समजूत घालायला ते टक-टक होतंच.

आणि एक गोष्ट मी ऐकून न ऐकल्यासारखी केली. ते टक-टक फार सारखं होतं. पहिल्या वेळी जसं, तसंच दहाव्या वेळी. दमलेला माणूस दहाव्या श्वासाला कमी पडतो, आवाज उशिरा येतो, एखादा येतच नाही. हे माझ्या कानाला कळत होतं. कारखान्यात असली शंका आली असती तर मी पंखा उतरवून उघडायला लावला असता. इथे मला तो आवाज हवाच होता, म्हणून मी त्याच्यावर खडूची खूण करत राहिले.

घरी येऊन पाचवा दिवस. दुपारचे चार. स्वयंपाकघरात वन्सं होत्या, मी ह्यांच्या खोलीतला रिकामा पेला आणायला गेले. पायात चप्पल नव्हती. दार अर्धं उघडं होतं.

हे खिडकीबाहेर बघत बसले होते. तोंडात नळी नव्हती, ती खाली लोंबत होती. यंत्र हातात होतं आणि हे ते अगदी हळू उलटं करत होते, डाव्या अंगाला जरासं कलतं, म्हणजे चेंडू एकेक करून खाली यावेत. टक. टक. टक. मग सुलटं, तेही इतक्या सावकाश की आवाज होऊ नये. मग पुन्हा. सुताराचा हात तो! दहा झाल्यावर यंत्र उशाशी ठेवून त्यांनी हाक मारली, "झाले गं!"

"ऐकलं," मी दारातून म्हटलं.

ह्यांनी मान वळवली. चोरी पकडलेल्या माणसाचा चेहरा मी ह्यांच्यावर कधी पाहिला नव्हता.

"कधीपासून?"

"घरी आल्यापासून."

मी किंचाळले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. माझ्या जिवाशी खेळता, मी मूर्ख आहे का, मला काय बेअरिंग समजलात का, असलं बरंच काही. वन्सं पळत आल्या आणि दारातच थबकल्या. हे एकेक तुकडा करून बोलले.

"सांधा ओला आहे गं, सरस न वाळल्यासारखा. ओल्या सांध्याला... कुणी हिसका देतं का? मोठा श्वास घेतला की... आत तार कुरकुरते. मला ऐकू येते. खोकलो तर... सुटेल. उघडेल छाती."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू घाबरली असतीस." मग म्हणाले, "तीन टक झाले की... तुझं भांडं घासणं सुरू होतं. मला इकडे ऐकू येतं. बरं वाटतं."

मी त्यांच्या कपाळाला हात लावला आणि हात तसाच राहिला. कपाळ भाजत होतं.

ताप एकशे दोन. दवाखान्यात फोन केला, ते म्हणाले लगेच आणा. गाडीत प्रत्येक खड्ड्याला हे दोन्ही हातांनी छाती धरत होते आणि मी चालकाला हळू म्हणत होते, आणि लगेच जरा भरभर चला म्हणत होते. त्या अर्ध्या तासात माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: मागच्या महिन्यातले ते काका. त्यांच्या बायकोनेही दाराआडून ऐकलं असेल का?

एक्स-रेमध्ये डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा दिसत होता. मिटलेला. सर्जननी ह्यांची छाती दाबून, तपासून बघितली. "हाड जागेवर आहे. तार घट्ट आहे. अशी बारीक कुरकुर सुरुवातीला कधी कधी जाणवते." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "औषधं सुरू करतो. पण औषधाने अर्धंच काम होईल. आतला कफ ह्यांनीच खोकून काढायला हवा. सकाळपर्यंत फुप्फुस उघडायला लागलं नाही, तर परत नळी घालावी लागेल."

संध्याकाळी सहाला ती फिजिओथेरपिस्ट उशी घेऊन आली. ह्यांनी उशी छातीशी धरली आणि घशातल्या घशात खाकरले. मांजराच्या पिल्लाचा निघावा एवढाच आवाज. "असं नाही, काका. पोटातून." पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ह्यांनी डोळेच मिटून घेतले. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, एवढा घाबरलेला माणूस मी पाहिला नव्हता. सर्जननी हाड पक्कं आहे म्हटलं, एक्स-रे दाखवला. पण ह्यांचा विश्वास स्वतःच्या हातावर, आणि हा सांधा ह्यांच्या हातचा नव्हता.

मी पलंगाच्या कडेला बसले.

"अहो, दुकानात ओला सांधा हलवायचा असला तर काय करता?"

"हलवत नाही."

"हलवावाच लागला तर? आजच्या आजच?"

ह्यांनी डोळे उघडले. "शिकंजा लावतो. स्क्रू फिरवून... दोन्हीकडून आवळतो."

"मग मी लावते."

मी चपला काढून पलंगावर चढले, ह्यांच्या समोर गुडघ्यांवर बसले, उशी आमच्या दोघांच्या मध्ये घेतली आणि हात त्यांच्या पाठीमागे नेऊन बोटांत बोटं अडकवली. "श्वास आत घेताना सैल सोडा," ती मुलगी हळूच म्हणाली, "खोकताना आवळा."

"बरोबर बसलंय का?" मी विचारलं.

"अजून थोडं."

मी आवळलं.

"अजून... अर्धा फेरा."

मी अर्धा फेरा आवळलं. माझा कान ह्यांच्या खांद्यापाशी होता. आत खोलवर काहीतरी बुडबुडत होतं. बिघडलेला आवाज. चोवीस वर्षांत इतका बिघडलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता, आणि हा परत पाठवायला कुठलाही विभाग नव्हता.

"मला भीती वाटतेय," मी त्यांच्या कानात म्हटलं. "पहिल्या दिवसापासून वाटतेय."

"मला पण."

"खोक," मी म्हटलं. "मी धरलंय. खोक तू."

आयुष्यात पहिल्यांदा मी ह्यांना अरेतुरे केलं. ते आम्हा दोघांच्याही लक्षात यायच्या आत हे खोकले. छातीतून कापड फाटल्यासारखा आवाज आला. त्यांचं सगळं अंग माझ्या हातांवर येऊन आदळलं, आणि मला वाटलं, संपलं, सुटला सांधा, माझ्या मिठीतच सुटला. मी डोळे गच्च मिटले पण बोटं सोडली नाहीत. पुन्हा खोकले. पुन्हा. चौथ्या वेळी काहीतरी सुटून वर आलं. त्या मुलीने पुढे केलेल्या भांड्यात हे थुंकले आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून धापा टाकत राहिले. मी चाचपून बघितलं. छाती जागेवर होती.

"आता हे," तिने ते तीन चेंडूंचं यंत्र आमच्या दोघांच्या मध्ये धरलं.

ह्यांनी नळी तोंडात घेतली. मी हात सैल केले. पहिला चेंडू थरथरला, बोटभर उचलला गेला, तिथे जरा घुटमळला आणि गपकन खाली बसला. वर टेकलाच नाही, म्हणून टकही झालं नाही. दुसरे दोन तर जागचे हललेही नाहीत. पाच दिवस मी चेंडूंचा आवाज ऐकत होते, श्वास मात्र आत्ता पहिल्यांदा बघत होते.

ह्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"पास?"

खिडकीबाहेर अजून उजेड होता. सकाळ व्हायला अख्खी रात्र पडली होती.

"नापास," मी म्हटलं. "पुन्हा घ्या."

ह्यांनी नळी परत तोंडात धरली. मी हात आणखी थोडे सैल केले, पण बोटं अडकवलेलीच ठेवली, आणि त्या चेंडूकडे बघत राहिले.